काकांनी शिडीची बाजू घेतली

आमचे काका लाकडी शिड्या बनवतात. कारखान्यात माणसं दोनच, काका आणि काकू. भुसा मात्र एवढा, की चहावर सायीऐवजी तोच धरतो. शिडी तयार झाली की काका स्वतः वर चढून दणादणा नाचतात. "मला झेलते ती जगाला झेलेल!" त्यांचं पोट पाहिलं की पटतं.

एका गिऱ्हाइकाने इथून शिडी विकत घेतली, लांब आपल्या शहरात नेली, रंगकाम करताना तो पडला आणि त्याने तिथल्याच कोर्टात काकांवर खटला भरला. दर तारखेला तिकडे जायचं म्हणजे कारखान्याला टाळंच.

आमच्या वकीलबाई नाकातून बोलतात. "हे बघाऽ, त्या शहरात तुमचं दुकान नाही, माणूस नाही, माल पाठवलेला नाही. त्या कोर्टाचा हात तुमच्यापर्यंत पोचत नाही. तेवढंच सांगायचं. शिडीची बाजू मांडायला गेलात की ते कोर्ट तुम्ही मानलंत. मग लढा तिथेच!"

"तोंडाला कुलूप," काका म्हणाले.

"किल्ली माझ्याकडे द्या," काकू म्हणाल्या.

कोर्टात सगळं छान चाललं होतं. वकीलबाईंच्या बोलण्यावर न्यायाधीश मॅडम मान डोलवत होत्या. मग समोरचा वकील घसा खाकरून उठला. "सांधेच कच्चे, मॅडम! म्हणून तर महाशयांना इथे उत्तर द्यायची भीती!"

काकांचे कान लालबुंद. काकूंनी सदरा ओढला, पण काका उभे राहिलेच.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आता शिडीबद्दल बोललात तर खटला इथेच चालेल. कळतंय ना?"

काकांनी काकूंच्या हातातून सदरा सोडवला आणि ते ताठ उभे राहिले. नाचणारा माणूस इतका स्थिर मी कधी पाहिला नव्हता.

"मॅडम, गप्प बसलो तर मी सुटेन. पण सांधा कच्चा, हे बोलणं तसंच राहील. तो सांधा मी ठोकलाय. बोलू द्या."

वकीलबाईंनी डोळेच मिटले.

शिडी कोर्टात आणायचा हुकूम झाला, पुढची तारीख पडली. परतीच्या बसमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. अर्धा रस्ता सरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "अहो, खरंच कच्चा निघाला तर?"

काकांनी तळहातावरचे घट्टे चोळले.

"मग तर यायलाच हवं होतं."