देऊळ उचललं, भेग कोणाची?

जॅक लावून झाले होते. देऊळ पायापासून सुटलं होतं. माझी माणसं लोखंडी रॉड हातात धरून शिट्टीची वाट बघत होती. आणि नत्थुजी काकाजी गाभाऱ्यात मारुतीच्या शेजारी मांडी घालून बसले होते.

"काकाजी, बाहेर या."

"नाई येत."

"काऊन?"

"देव आत हाये. मी बाहेर राहून काय करू?"

मी इमारती उचलतो. हा माझा धंदा आहे. बोरगाव मेघेत माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली आणि दारात जॅकचा ढीग. तरुणपणी हरियाणाच्या ठेकेदारांकडे रॉड फिरवत हे काम शिकलो, मग त्यांच्याशीच भांडून वेगळा झालो. घर उचलतात म्हटलं की लोक आधी हसतात. पण काम सरळ आहे. भिंतीच्या बाजूने खणायचं, पाया थोडा फोडायचा, तिथे आधाराला आडवं लोखंडी चॅनल घालून खाली स्क्रूचा जॅक बसवायचा. मग पुढचा तुकडा. असं चारही बाजूंनी झालं की सगळं वजन जॅकवर येतं. मी शिट्टी मारतो आणि प्रत्येक माणूस रॉडने आपला जॅक पाव फेरा फिरवतो. घर केसभर वर येतं. पुन्हा शिट्टी. पुरेसं वर आलं की खाली विटांचं नवं बांधकाम करायचं.

कसब एकाच गोष्टीत आहे. सगळ्यांनी सारखं फिरवायचं. एक कोपरा पुढे गेला की भिंत तडकते. त्यासाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी कोपऱ्याकोपऱ्याला लावून लेव्हल बघतात. माझा या नळीवर जेवढा विश्वास आहे तेवढा बायकोच्या भावांवर नाही.

हे देऊळ जाम गावाजवळच्या एका खेड्यातलं, हायवेला लागून. रस्त्यावर डांबराचे थरावर थर चढत गेले आणि मारुती खाली राहिला. पावसाळ्यात देव गुडघाभर पाण्यात उभा. पाडून नवीन बांधायचं म्हटलं तर मूर्ती हलवावी लागणार, आणि ती जागेवरून हलवायची नाही ही कमिटीची अट. म्हणजे भिंती, फरशी, देवाचा चौथरा, सगळं एकत्र उचलायचं. म्हणून मला बोलावलं.

मी जाताना माझी अट घेऊन गेलो. पैशाचं नंतर बोलू, म्हटलं. आधी पाटीचं बोला.

याला कारण होतं. त्याआधी एका गावात मी देवीचं देऊळ उचललं होतं. सुंदर काम. गावकरी म्हणाले, देवीची कृपा! दारावरच्या भिंतीत केसासारखी एक भेग पडली होती. तिच्याबद्दल म्हणाले, ठेकेदाराचं काम! नंतर देवळात संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर पंखा देणाऱ्याचं नाव, सतरंजी देणाऱ्याचं नाव, उद्घाटनाला उशिरा आलेल्या पाहुण्याचंही नाव. माझं नाही. देऊळ काय पंख्याच्या वाऱ्याने वर गेलं? अजूनही त्या रस्त्याने जाताना मी मान दुसरीकडे वळवतो.

म्हणून इथे चहाच्या टपरीवरच मी विषय काढला. समोर दोन माणसं होती. एक नत्थुजी, कमिटीचे अध्यक्ष. शेतकरी माणूस, रोज पहाटे मारुतीला आंघोळ घालणारे. दुसरे रामटेके सर. हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेले, देव न मानणारे. तरी कामावर देखरेखीला कमिटीने त्यांनाच ठेवलं होतं. कारण विचारलं तर नत्थुजी म्हणाले, "जो देवाले भेत नाई तो कमिटीलेबी भेत नाई. मास्तर खरं बोलते."

मी म्हटलं, "आधीच ठरवा. देऊळ नीट वर गेलं, तर कोणामुळे?"

"मारुतीच्या कृपेनं," नत्थुजी म्हणाले.

"नियमानं," सर म्हणाले. "स्क्रूचा नियम आहे. त्यात कोणाची कृपा लागत नाही."

"ठीक. आणि भेग पडली तर?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघं एकदम म्हणाले, "तुमची चूक!"

टपरीवाला इतका हसला की चहा उतू गेला. त्या दोघांचं वर्षानुवर्षांत एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं होतं आणि ती गोष्ट मी होतो!

माझं डोकं सटकलं. "असं कसं चालेल? जो श्रेय घेईल त्यानंच भेग घ्यायची. काकाजी, भेग पडली तर म्हणायचं, मारुती नाही. सर, सरळ वर गेलं तर म्हणायचं, मारुती आहे. आहे कबूल?"

"असा कोणता पुरावा राह्यते का?" सर म्हणाले. "एका देवळावरून देव सिद्ध होत नाही."

"मंग एका भेगेवरून तो रद्द कसा होईन?" नत्थुजी म्हणाले.

पुन्हा एकमत. मी टेबलावर हात आपटला. शेवटी नत्थुजी म्हणाले, "मी देवाच्या वतीनं हो कसा म्हणू? त्यालेच इचारू."

गावात रीत होती. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. आम्ही तिघं गाभाऱ्यात गेलो. मी स्वतः हात जोडून विचारलं, "देवा, भेगेची जबाबदारी घेतोस का?" आणि थांबलो. थांबून थांबून पायाला मुंग्या आल्या. फुलं हलेनात. सरांनी चष्मा वर केला, मूर्तीजवळ गेले आणि बोटाने चाचपून म्हणाले, "शेंदूर आजच लावला ना? तेलात भिजलेला आहे. दिवाळीपर्यंत पडत नाहीत."

"व्हय," नत्थुजी शांतपणे म्हणाले, "त्याले उत्तर द्याचं नसन तवा तो शेंदूर ओला ठेवते."

मला हसू आवरेना. आयुष्यभर घासाघीस करत आलो, पण उत्तर न देऊन सौदा अडवणारी पार्टी पहिल्यांदाच भेटली. पाटीचं तसंच लटकत राहिलं. "काम तं पाहू दे," एवढंच नत्थुजी म्हणाले. मी काम घेतलं. डोक्यात एकच होतं: या वेळी भेग पडू द्यायची नाही, आणि पाटीवर नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही.

आणि आता ऐन उचलायच्या दिवशी हा म्हातारा आत बसला होता.

रस्त्याच्या कडेला ट्रक थांबले होते. एसटीतून माणसं माना बाहेर काढून बघत होती. भजनी मंडळाच्या बाया टाळ घेऊन आल्या होत्या. टाळांत माझी शिट्टी ऐकू येणार नाही म्हणून मी ते बंद ठेवायला लावले, तर त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू मी रावणाकडून आलो होतो. उचलताना आत कोणी नको, हा माझ्या धंद्यातला पहिला नियम. आणि पायापासून सुटलेलं देऊळ जॅकवर फार वेळ ठेवता येत नाही. शेजारून कंटेनर गेला की जमीन थरथरते.

"काकाजी, उठा. नियम आहे."

"तूच म्हनला होता ना, आधी ठरवा? म्या ठरवलं. माहा विश्वास हाये, तं मी आत बसतो. भेग पडली तं माह्या डोक्यावर पडू दे. याच्याहून मोठा पुरावा कोनता देऊ?"

म्हणजे माझीच घासाघीस माझ्या गळ्यात आली होती! मी सरांना पुढे केलं. "तुम्ही समजवा. तुमचे दोस्त आहेत."

सर दारात वाकले. "नत्थुजी, ही श्रद्धा नाही, जिद्द आहे. बाहेर या."

"मास्तर, एक सांगा. हा ठेकेदार देऊळ उचलू शकते, याचा पुरावा काय?"

"त्यांनी आधी उचलली आहेत."

"तुमी पाह्यली?"

"नाही. फोटो पाहिले."

"फोटो तं माह्याघरी मारुतीचाबी हाये."

ट्रकवाले टाळ्या वाजवायला लागले. सर लाल झाले, मग स्वतःच हसायला लागले. मला मात्र कळेना, खूष व्हावं की चिडावं. मारुतीच्या पंगतीत मला बसवलं होतं, पण ते फोटोपुरतंच!

नत्थुजींनी आता मला धरलं. "बापू, तुह्या जॅकवर तुहा भरोसा हाये ना? असन तं मले भेव कायचं? नसन तं सांग, मी उठतो."

बघा, कसं अडकवलं! भरोसा आहे म्हटलं तर हा बसणार. नाही म्हटलं तर सगळ्या गावासमोर माझा धंदा बसणार. वऱ्हाडातल्या बाजारांत मी सौदे केले आहेत, पण असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. मी रॉड जमिनीवर आपटला. गाभाऱ्यात डोकावलो. समोर शेंदरी मारुती, एका हातावर डोंगर घेतलेला. आणि माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"काकाजी, तुमच्या मारुतीच्या हातात काय आहे?"

"द्रोणागिरी."

"म्हणजे तो उचलणारा. माझ्याच धंद्यातला. आता सांगा, डोंगर उचलला तेव्हा तो डोंगरावर बसला होता की डोंगराखाली होता?"

"खाली."

"मग त्याचा भक्त वर बसून वजन काऊन वाढवून राह्यला? मारुतीला मानता ना? मग बाहेर येऊन त्याला उचला. जॅक देतो हाताला!"

मग नत्थुजी गुडघ्यावर हात टेकत उठले. बाहेर आले, धोतर खोचलं आणि म्हणाले, "कोनता जॅक?"

बायांनी टाळ वाजवले ते वाजवलेच. सरांनाही राहवेना. "मलाही एक द्या. मी तर नियम शिकवलाय." दाराच्या बाजूचे दोन कोपरे मी त्यांना दिले. उजवा नत्थुजींना, डावा सरांना. मागे माझी पक्की माणसं होतीच. पाव फेरा, शिट्टीवर, एवढं सांगितलं आणि शिट्टी मारली.

पहिल्या काही शिट्ट्या छान गेल्या. मग मुकादम गजूने नळी बघून हात वर केला. "भाऊ, उजवा कोपरा वर. डावा खाली!" आणि तेवढ्यात दारावर 'टक्' असा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो.

"थांबा!" मी ओरडलो तो हायवेपलीकडे ऐकू गेला असणार.

पळत उजव्या कोपऱ्यावर गेलो. नत्थुजी घामाने निथळत होते. दर शिट्टीला पाव फेरा झाला की ते 'बजरंगबली की जय' म्हणून थोडा जास्तीचा फेरा देत होते. "तो जास्तीचा कशाला?"

"देवासाठी," ते म्हणाले. "सबन तुह्यासाठीच फिरवू का?"

डाव्या कोपऱ्यावर गेलो. सर पट्टी घेऊन जॅकशी वाकले होते. ते दर शिट्टीला आधी मोजत होते, खात्री करत होते, मग फिरवत होते. तोवर पुढची शिट्टी होऊन जायची आणि त्यांचा एक फेरा बुडायचा.

म्हणजे एक कोपरा भक्तीने वर चढला होता आणि दुसरा शंकेने खाली राहिला होता. मधल्या दारावर तिरपी भेग!

मी दोघांना काय काय बोललो ते छापण्यासारखं नाही. गजूने उजवा कोपरा हळूहळू खाली आणला, डावा वर घेतला, नळीत पाणी जुळवलं. मग दोघांना समोर उभं करून म्हटलं, "मागच्या भिंतीकडची माझी माणसं मला दिसत नाहीत, मी त्यांना दिसत नाही. शिट्टी ऐकतात आणि पाव फेरा देतात. देवासाठी जास्त नाही, शंकेपायी कमी नाही. जमते का? नाही तर रॉड खाली ठेवा."

"त्यांनी सारखंच फिरवलं हे त्यांना कसं कळते?" सरांनी विचारलं.

"नाही कळत. फिरवतात. मग नळी सांगते."

सर नळीकडे बघायला लागले. नत्थुजी गालात हसले आणि रॉड उचलला. पुढच्या प्रत्येक शिट्टीला मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. जय म्हणत होते, पण मनातल्या मनात, आणि पाव फेऱ्यावर थांबत होते. सरांनी पट्टी खिशात ठेवली होती. ऊन उतरेपर्यंत मारुती रस्त्याच्या वर आला. ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले, बायांनी टाळ, आणि मीही, कबूल करतो, चिखलात चप्पल सोडून नाचलो.

भेग मात्र होती. मी दारासमोर उभा राहून वाट बघत होतो, आता म्हणतील, ठेकेदाराचं काम.

"ही माह्यामुळं पडली," नत्थुजी म्हणाले.

"काहीतरीच काय," सर म्हणाले. "माझा कोपरा खाली होता."

"माहा जास्त वर होता!"

"मोजून दाखवा!"

दोघं भेगेसाठी भांडायला लागले. माझ्या आख्ख्या धंद्यात भेगेला मालक मिळाला नव्हता, आणि आज दोन-दोन मिळाले. मी त्या संधीत पाटीचं काढलं. नत्थुजी भांडणाच्या नादात म्हणाले, "टाकू, टाकू, तुहं नाव टाकू!" साक्षीदार बरेच होते. मी गजूला विटांच्या कामाला लावलं आणि लगेच निघालो.

पाटी बसली. कमिटीने ती नेमकी दारावर, भेगेच्या तोंडावर लावली, म्हणजे भेग झाकली गेली. वर मोठ्या अक्षरांत 'श्री मारुतीच्या कृपेने'. त्याखाली पंखेवाला, मग मंडपवाला, मग लाउडस्पीकरवाला. त्याखाली मी. लाउडस्पीकरच्या खाली! उचललं त्या दिवशी तर तो लाउडस्पीकर बंद होता. मी फोन करून विचारलं तर नत्थुजी म्हणाले, "अरे, तू उचलनारा. खालीच राहशीन ना!"

आजही लोक मला विचारतात, इतकी देवळं उचलली, देव आहे की नाही? मी सांगतो, ते ज्याचं त्याने बघावं. पाटीवर आपलं नाव कितव्या ओळीत येणार, हे मात्र पहिला जॅक लावायच्या आधी ठरवून घ्यावं.