मोठ्यानं बोललेला भाव

शकूरचाचा गेल्याचा फोन आला तेव्हा आई मिरचीचे देठ खुडत होती. तिनं हात धुतले नाहीत, तसेच डोळ्यांना लावले. ती कशानं रडतेय, बराच वेळ आम्हाला कळेना... माझी आई रडणारी बाई नव्हे. त्या दिवशी मिरचीचं निमित्त तिला बरं सापडलं.

चाचांची धर्माबादच्या मोंढ्यात मिरचीची अडत होती. शेतकऱ्यांचा माल त्यांच्या ओट्यावर उतरायचा आणि व्यापारी भाव करायचे. भाव तरी कसला, रुमालाखाली हातात हात घालून बोटांची दाबादाबी, बाकीच्यांना पत्ता नाही. आई नांदेडला मसाले कांडून विकायची, दरसाल मिरची चाचांकडूनच आणायची. सोबत मी. चाचा आधी मला पेरू द्यायचे आणि मग माझ्या शिंकांना हसायचे.

एका साली मिरचीवर रोग पडला. नांदेडात ती इतकी महागली की आईचं कांडप बंद पडायची वेळ आली. वाटलं, निदान पिकवणाऱ्याचं तरी भलं झालं असेल. मोंढ्यात जाऊन आम्ही पाहतो तर शेतकरी तोंड पाडून बसलेले. माल थोडा होता, पण घेणारे मोठे व्यापारी दोनच, आणि त्यांचं आपसात आधीच ठरलेलं. टंचाईत भाव चढतो हे खरं. पण तो कुणाच्या पदरात पडतो, ते घेणारे किती यावर असतं. पुढं कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला हे ऐकलं, तेव्हा मला तो ओटाच आठवला.

चाचांनी त्या दिवशी व्यापाऱ्यांच्या हातांवरचा रुमाल ओढला, घडी घालून खिशात टाकला. "आता काय बोलायचं ते तोंडानं बोला. ताई, तुमी बी बोला."

आईनं एक भाव पुटपुटला.

"लई हळू बोलून राहिल्या तुमी. समद्यांला ऐकू येऊ द्या."

आई बोलली. मग आणखी दोघी कांडपवाल्या बोलल्या, एक खानावळवाला बोलला. शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळाले आणि आम्हालाही नांदेडपेक्षा मिरची स्वस्तच पडली.

ते दोघे व्यापारी पुन्हा चाचांच्या ओट्यावर चढले नाहीत. पुढच्या साली मिरची उदंड पिकली आणि उदंड माल उचलणारं गिऱ्हाईक चाचांकडं नव्हतं. शेतकरी दुसऱ्या अडतीवर गेले. त्यांचाही इलाज नव्हता, हे कळतं. तरी मला त्यांचा अजून राग येतो. "पस्तावा न्हाई," चाचा म्हणायचे, पण रिकाम्या ओट्याकडं बघायचे नाहीत...

परवा आईला घेऊन किराणा दुकानात गेले. गर्दी होती. दुकानदारानं मिरचीचा भाव कॅल्क्युलेटरवर मांडून तिच्यापुढं सरकवला. आईनं तिकडं पाहिलंच नाही.

"तोंडानं सांग बाबा," ती म्हणाली. "समद्यांला ऐकू येऊ दे."