बिडी न ओढणाऱ्यांचं रजिस्टर

कारखान्याच्या दवाखान्यात पंधरा वर्षं कंपाउंडरकी केली की औषधांची नावं विसरतात, किस्से मात्र साठत जातात! हे सत्तर सालच्या आसपासचे, विक्रोळीतले. कारखाना कपबशांचा. फिनिशिंग खात्यात बायका कपबशा घासायच्या. पांढरी धूळ अशी उडायची की सुट्टीच्या वेळी सगळ्या पिठाच्या गिरणीतून आल्यासारख्या दिसायच्या.

*

कोणी खोकत आला की कंपनीच्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "बिडी ओढतोस?"

एक मालवणी गडी म्हणाला, "छ्या! मी नाय हो ओढत!"

"मग शेजारचा ओढत असेल. लिही रे, बिडी."

मी लिहायचो. हाताला इतकी सवय झाली की एकदा बोट कापलेल्या माणसापुढेही मी 'कारण : बिडी' लिहिलं. आणि डॉक्टरांनी सही केली!

*

मॅनेजरने खात्यात बोर्ड लावला : 'बिडी सोडा, छाती सांभाळा.' कंपनीला आमची केवढी काळजी, म्हणून मी खरंच भारावलो. आठ दिवसांत बोर्डावरचं अक्षर दिसेना. दहा वर्षं तिथेच खोकत काम करणारी शेवंताबाई पदराने तो पुसत म्हणाली, "ह्यालापण बिडी लागली वाटतं!"

*

इन्स्पेक्टर यायच्या दिवशी मशीन बंद, फरशी चकाचक. "झकास कारखाना!" म्हणत तो निघायचा, काखेत आमच्या टी-सेटचा खोका.

*

मग सरकारी कमिटी आली. धूळ ओढून घेणारे पंखे कारखान्यांना सक्तीचे करायचे का, हे ती ठरवणार होती. शेवंताबाईला आता चार पावलं चाललं तरी दम लागायचा. सोमवारपासून तिच्या जागी तिची पोरगी लागणार होती. मला म्हणाली, "भाऊ, पंखा बसला पायजे. बास."

मॅनेजरने कमिटीपुढे आमच्याच कपांतून चहा ठेवला आणि शेजारी माझं रजिस्टर. पानोपान बिडी! चेअरमननी शेवंताबाईला बोलावून घेतलं. "बाई, तुमच्या नावापुढेही बिडी लिहिलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी लाजेने मेलो, पण नोकरीच्या भीतीने चेअरमनच्या कपात आणखी चहा ओतला.

दारातल्या शिपायाकडून तिने एक बिडी मागून घेतली आणि चेअरमनपुढे धरली. खोकल्याची उबळ जिरेपर्यंत तशीच उभी राहिली.

"साहेब, दहा वर्षं ओढते म्हणता, पण पेटवायची कुठल्या टोकाला तेच मला ठाऊक नाय. तेवढं दाखवा. सोमवारी पोरगी कामाला लागतेय, तिला शिकवून धाडते."