चाफ्याचा शेंडा
नातसुनेनं आज पाण्याच्या वाटीत सोनचाफा ठेवला आणि त्या वासानं मला निपाणीचं सासरचं परसू आठवलं. लग्न झालं तेव्हा गुंजीच्या माहेराहून आगगाडीत मांडीवर धरून मी चाफ्याचं रोप आणलं होतं. चार वर्षं शेणखत घातलं तरी ते कमरेच्या वर जाईना, कळीचं तर नावच नको. सासूबाई म्हणायच्या, "तुमच्याकडची माती येगळी, हितं न्हाय लागायचं ते." मला ते माझ्याबद्दलच वाटायचं. एका सकाळी मामंजी शेताकडं निघाले होते. पान जाड व्हावं म्हणून जन्मभर तंबाखूचे शेंडे खुडलेला माणूस. चाफ्याजवळून जाताना, नजर पुढंच असताना, त्यांच्या बोटांनी रोजच्या सवयीनं त्याचा कोवळा शेंडा टचकन खुडला. सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मामंजी, चाफा हाय तो, तंबाखू न्हाय." ते थांबले, चिमटीतल्या शेंड्याकडं बघत राहिले. "व्हय की गं," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून परसातून जाताना ते दोन्ही हात पाठीमागं बांधून जायचे. दोन वर्षांनी पहिलं फूल आलं, तेही त्यांनी हात मागंच ठेवून, वाकून हुंगलं. आज वाटीवर मी वाकले, तर माझेही हात आपसूक पाठीमागं गेले होते.