कणकेतला लाल दिवा

मिठाच्या कणकेचा वास आला की मला वडूजच्या शाळेतला तो वर्ग आठवतो. वस्तू लांब आणि बारीक झाली की विजेला होणारा रोध कसा वाढतो, हे मी मिठामुळे वीज वाहू देणाऱ्या त्या कणकेवर दाखवत होते. अंधारासाठी खिडक्या लावल्या होत्या; गोळ्याच्या एका टोकाला बॅटरीची तार होती, दुसऱ्या टोकाला चिमुकला लाल दिवा, आणि दिव्याची दुसरी तार परत बॅटरीला. आखूड, जाड गोळ्यातून तो लख्ख पेटला. मग पहिल्या बाकावरची मुलगी कणीक वळत गेली, वळी बारीक होत गेली, तसा दिवा मिणमिणू लागला. "बाई, माझी आय बी अशीच बारीक झालीया," ती पुटपुटली. तिची आई कित्येक दिवस घरी बेशुद्ध होती. मुलीने एकदम वळी गोळा करून घट्ट दाबली, दिवा उजळला, आणि थोड्याच वेळात तिचा मामा दारात आला. "चल गं, आयनं डोळं उघडलं!" जाता जाता ती म्हणाली, "बाई, ह्यो गोळा मोडू नगा." कणीक वाळली की वीज अडते, एवढाच त्यातला नियम, तरी मी रोज गोळ्यावर पाणी शिंपडत राहिले, सेल बदलत राहिले. महिन्याभराने तिची आई स्वतः चालत शाळेत आली आणि टेबलावरच्या दिव्यापाशी थबकली. "आवं बाई, ह्योच ठिपका मला अंधारात दिसत हुता. मदीच लय बारीक झालता." तिच्यादेखत सेल काढायला माझा हात धजावला नाही. आजही हा धडा आला की मी फळ्यावर आकृती काढते, आणि तेवढ्यावरच थांबते.