गुंजीच्या माळावरचा दवबिंदू

टिळकवाडीतले आमचे शेजारी अण्णा कीटक खाणारी झाडं बियांपासून वाढवतात. पानाला माशी चिकटली, की "जेवली गं बाई!" म्हणून घरात बायकोला, आक्कांना, हाक मारतात.

एकदा मी गुंजीच्या माळावरून दवबिंदूचं, तसल्याच एका कीटकखाऊ झाडाचं, रोप उपटून त्यांना भेट दिलं. त्यांचा चेहराच पडला.

"कुणाला इचारून आणलंस रं?"

"माळावर कोण असतंय विचारायला?"

"वनखात्याची जागा हाय ती. अन् समद्यांनी एकेक उपटलं तर माळावर काय ऱ्हाईल?"

लगेच त्यांनी मला स्कूटरवर मागं बसवलं आणि रोप मांडीवर दिलं. थेट गुंजी गाठली. माळावर माझ्याच हातानं रोप लावून घेतलं, मग त्याच्यापुढं वाकून म्हणाले, "अडाणी हाय ह्यो, माफ कर."

मी हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतो. तरी मुकाट्यानं हात जोडले.