कानातली बुचं आणि योगिताचे सहा मेल

सस्टेनॅबिलिटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे कोण, सांगता येईल तुम्हाला? मोबाईल खाली ठेवा आणि सांगा. नाही ना येत? मलाही येत नव्हतं. मी नववी नापास, पण कामगार कायदा कलमांसकट पाठ आहे. गुजरातेतल्या लिंबायतमध्ये बसून कामगारांचे अर्ज लिहितो आणि काळ्या कोटवाल्यांना घाम फोडतो. तरी आमच्या गल्लीतली योगिता पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "काका, मी सस्टेनॅबिलिटी एक्झिक्युटिव्ह झाले," तेव्हा मी नुसती मान डोलावली. तोंडात पेढा होता, म्हणून अब्रू वाचली.

योगिता एमबीए. शेवटच्या वर्षाला त्यांच्या कॉलेजात एक कोटवाले गृहस्थ भाषण द्यायला आले होते, 'करिअरच्या नव्या वाटा' या विषयावर. बँक आणि मार्केटिंग जुनं झालं म्हणाले. आता कोणी गिऱ्हाइकाचं यश सांभाळणार, कोणी स्टाफचा आनंद सांभाळणार, कोणी पृथ्वीची तब्येत सांभाळणार. आणि या सगळ्याला पगार! योगितानं पृथ्वी निवडली.

ही नवी वाट लिंबायतहून निघाली, रिक्षानं पर्वत पाटियाला आली, तिथून कंपनीच्या बसनं पलसाण्याच्या बाजूला गेली आणि एका लूम खात्याच्या फाटकाशी संपली. लूम खातं म्हणजे मागांचा कारखाना. योगिताचा बाप उखा तीस वर्षं असल्याच फाटकातून आत-बाहेर करत होता. फरक एवढाच, की पोरीच्या गळ्यात ओळखपत्राचा पट्टा होता. तिची आई सुभद्राबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "मिलमाच जावानं व्हतं, त इतली शाळा कसाले शिकनी वं?"

आता नोकरी काय ते ऐका. या मिलचं कापड परदेशात जातं. तिकडच्या गिऱ्हाइकाला दरवर्षी एक अहवाल लागतो, की कापड विणताना पृथ्वी आणि कामगार दोघंही मजेत होते. तो अहवाल योगितानं तयार करायचा. मॅनेजर भद्रेशभाईंनी तिला घेतानाच सांगितलं होतं, "आपणा वर्कर मराठी छे, तमे पण मराठी. तुम से खुल के बात करेंगे."

पहिल्याच आठवड्यात तिनं खातं पाहिलं. दोनशे लूम धडाडतायत आणि एकाच्याही कानात बूच नाही. तिनं भद्रेशभाईंना मेल केला, कामगारांना कानात घालायची बुचं द्या. उत्तर आलं, 'नोटेड'. पुढच्या महिन्यात पुन्हा मेल, पुन्हा 'नोटेड'. असे सहा महिन्यांत सहा मेल झाले.

तिला ही घाई का, ते तिच्या घरी गेल्याशिवाय कळायचं नाही. उखाचे दोन्ही कान पंचेचाळिशीतच गेले. पण त्या घरात शांतता नाही हो, घर हातांनी बोलतं! दोनशे लूमच्या आवाजात तोंड उघडून उपयोग नसतो, म्हणून खात्यातली माणसं हातानं बोलतात. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. मिशीला पीळ दिला की मास्तर येतोय. हनुवटीवर अंगठा ओढला की थाप मारतोय. प्रत्येकाला हाताचं नावही असतं. उखाला एकदा मागातला धोटा उडून कपाळाला लागला होता, म्हणून त्याचं नाव कपाळावर एक टिचकी. त्याचे कान गेल्यावर हीच भाषा घरात आली. योगिता मराठी, अहिराणी, गुजराती, हिंदी, इंग्रजी बोलते, पण बापाशी भांडते ती हातांनीच. बायोडाटात हे तिनं लिहिलं नव्हतं. तसा रकाना कुठे असतो?

सातव्या महिन्यात परदेशी गिऱ्हाइकाचे ऑडिटर येणार असं कळलं. आदल्या संध्याकाळी नारिंगी बुचांचा खोका आला. सकाळी सगळ्यांना वाटली, कोणी काय बोलायचं तेही पढवलं. अहवालात आधीच छापलं होतं: 'कामगारांना गेल्या वर्षभरापासून बुचं नियमित दिली जातात.' खाली योगिताचं नाव आणि सहीला मोकळी जागा.

ऑडिटर काचेच्या केबिनमध्ये बसले. टेबलाच्या कडेला योगिता, वही घेऊन. पहिला आला शालिग्राम, खात्यातला सगळ्यात जुना कारागीर.

"कान के प्लग रोज मिलते हैं?"

"हां साहब, रोज."

तोंड साहेबांकडे आणि उजवा हात टेबलाखाली. काचेपलीकडे निंबा लूमवर उभा होता, त्याला शालिग्राम हातानं कळवत होता: बुचं आज सकाळी मिळाली, मी थापा मारतोय, उद्या परत मागून घेतील. निंबानं तिकडून हात केला: मी माझ्या बायकोला देणार, तिला माझं घोरणं ऐकू येतं.

योगिताला हसू फुटलं.

शालिग्रामचा हात जागच्या जागी थांबला. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि हळूच हात केला: तू कोणाची? तिनं कपाळावर टिचकी मारली. ऑडिटरला वाटलं, डोकं दुखतंय.

जेवणाच्या सुट्टीत शालिग्राम तिला जिन्याशी गाठून म्हणाला, "बाई, उखाची पोर ना तू? मी जे हातानं बोललो ते कागदावर नको आणू. या वयात मला दुसरं खातं कोण देईल?"

भद्रेशभाई म्हणाले, "बेन, बस एक साइन. सवारे आपजो."

सकाळपर्यंतची मुदत घेऊन ती संध्याकाळी माझ्याकडे आली. मी ऐकलं आणि भडकलो. "लिही सगळं! शालिग्राम काय बोलला, निंबा काय बोलला, नावानिशी लिही. मी मोर्चा आणतो फाटकावर!"

ती शांतपणे म्हणाली, "काका, मोर्चा संपला की तुम्ही घरी येता. शालिग्रामबाबा कुठे जातील?"

वीस वर्षांच्या चळवळीत मला असं कोणी विचारलं नव्हतं. मी चहा मागवला. दुसरं काय करणार?

घरी तिनं बापाला सगळं हातांनी सांगितलं. सुभद्राबाई मध्येच म्हणाली, "सही करी टाक, बाई. धा जागा फिरनी तवय ही भेटनी." उखानं दोन बोटांची कात्री केली आणि पंजा खाली दाबला. धागा तुटला, लूम बंद कर. खात्यात याच्यावर चर्चा नसते. तुटल्या धाग्यावर लूम चालू ठेवला तर पुढचं सगळं कापड वाया जातं.

सकाळी योगितानं छापलेली ओळ खोडली आणि लिहिलं: 'बुचांचा पहिला खोका परवा संध्याकाळी आला. त्याआधी बुचं दिली जात नव्हती. पुरावा म्हणून मी पाठवलेले सहा मेल सोबत जोडले आहेत.' खाली सही. शालिग्रामचं नाव नाही, निंबाचं नाही. सापडलं तर एकच माणूस सापडेल, ती स्वतः.

आता पुढचं ऐका आणि माझ्यासारखेच दात-ओठ खा. ऑडिटर खूश झाले. असा खरा अहवाल आपण प्रथमच पाहिला म्हणाले. मिलला वरचा दर्जा मिळाला, 'पारदर्शकतेबद्दल'. दरमहा बुचं वाटतानाचा फोटो पाठवण्याची अट घातली, म्हणून बुचं आता खरोखर मिळतात. भद्रेशभाईंना कॉलेजात भाषणाला बोलावलं. विषय: करिअरच्या नव्या वाटा. आणि योगिताला पत्र मिळालं, की टीमची फेररचना झाल्यामुळे तिचं पद उरलेलं नाही. पृथ्वी बहुतेक बरी झाली असावी.

निघताना ती खात्यातून शेवटची चक्कर मारायला गेली. शालिग्रामनं लांबून पाहिलं आणि दोन्ही कानांत दोन बोटं घातली. मग निंबानं घातली, मग पुढच्यानं. तिला वाटलं, चिडवतायत. नंतर कळलं, ते तिचं नाव आहे. खात्यानं ठेवलेलं.

दोन महिने झाले, ती घरी आहे. सुभद्राबाई रोज बोलते, उखा रोज हात करतो, आणि योगिता रोज अर्ज पाठवते. म्हणून हे लिहायला बसलो. तुमच्या कंपनीत, ओळखीत, जागा असेल तर मला कळवा. नुसती सही हवी असेल तर फोन करू नका, मी वाईट बोलतो. आणि मुलाखतीला बोलावलंत, तर कृपा करून बोलताना दोन्ही हात टेबलाच्या वर ठेवा. तिला ते वाचता येतात.